खऱ्याखोट्याचा फळा

सोमवार उजाडला की नाही, हे कुंजीलाल पटले सूर्याला विचारत नसत. सूर्याचं काय, तो ढगाआड दडून खोटंही बोलतो. सकाळच्या जीपनं चिंचटोल्याच्या थांब्यावर पेपरचा गठ्ठा फेकला, शालीकरामनं सुतळी तोडली आणि 'दैनिक धानकोठार'च्या माथ्यावर 'सोमवार' छापलेलं दिसलं, की मग सोमवार. तोवर जो काही वार असेल तो नुसता अर्जदाराचा दावा.

आणि दावा म्हणजे काय चीज असते, हे त्यांना तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढून पुरतं कळलं होतं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दोन सख्खे भाऊ उभे राहतात, दोघंही पोराबाळांची शपथ घेतात आणि दोघंही सांगतात की धुरा दुसऱ्यानं सरकवला. धुरा बिचारा गवत पांघरून पडलेला. असं तीस वर्षं पाहिल्यावर माणसाचा विश्वास उडतो. कुंजीलालबाबूंचा बाकी सगळ्यांवरचा उडाला होता. तो जाऊन बसला होता एका पेपरावर. छापलेलं फिरत नाही, असं ते म्हणत. गाव त्यांना बाबूजी म्हणे आणि थोडं टरकून असे, कारण "कसं काय बाबूजी, बरं हाय ना?" एवढं विचारलं तरी ते आधी विचारणाऱ्याचा चेहरा तपासत.

दोन हजार पंधराचं साल. मोबाईल गावात कधीचाच आला होता, पण तो आजवर नुसता बोलायचा. त्या साली तो लिहायला लागला. थांब्यासमोरच्या रिचार्जच्या दुकानवाल्या भुवनेश्वरनं 'आपला चिंचटोला' नावाचा ग्रुप काढला आणि बातम्या चिमण्यांसारख्या घरोघरी उतरू लागल्या. कोणाच्या पाळण्यावर, कोणाच्या चुलीपाशी, कोणाच्या तर न्हाणीतही.

एका सकाळी शालीकरामनं चहा पुढे करायच्या आधी चेहराच पुढे केला. चहाची टपरी, सायकलचं पंक्चर आणि पेपरची एजन्सी असा त्याचा तिहेरी संसार होता.

"बाबूजी, सतरा."

"काय सतरा?"

"पेपर जी. पंचवीस येत होते, आता सतरा उरले. गोंदियाचा साहेब म्हणते, पंधराच्या खाली गेले तं जीप थांबणार नाय. गठ्ठा बंद."

जीप थांबली नाही तर पेपर नाही. पेपर नाही तर… पुढचं त्यांना मनातही बोलवेना.

"मग वार कसा कळेल?" एवढंच ते म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी शत्रूची पाहणी केली. मुलगी रिंकी गोरेगावला कॉलेजात जायची. तिचा मोबाईल फडताळात चार्जिंगला लावलेला होता. बाबूजींनी त्यावर स्टीलचं गंजपातेलं पालथं घातलं. जमुनाबाई भाजी निवडत होत्या.

"अजी, ते काऊन झाकून राहिले? कोंबडी होय का ते?"

"आतून आवाज येते. कोण कोणाशी काय बोलते, काय ठाव?"

"तुमच्या पेपरातून आवाज येत नाय, म्हणून तो खरा होय का?" जमुनाबाईंनी विचारलं. बाबूजींनी हा प्रश्न नोंदवून घेतला नाही.

तीनच दिवसांनी संधी चालून आली. ग्रुपवर फोटो आला: पुलावर वाघ बसलेला. खाली ओळ, 'चिंचटोल्याचा पूल, आज पहाटे.' गाव घरात शिरलं. धान कापणीला आलेलं, पण शेतात, बांधीत कोणी उतरेना. बाबूजी उठले, जुनी टेप घेतली, एकटेच पुलावर गेले आणि तासाभरात परत आले.

"फोटोतल्या पुलाला कठडे आहेत," त्यांनी थांब्यावर जाहीर केलं. "आपल्या पुलाला कठडे नाहीत. त्यासाठी तीन वेळा अर्ज केला, तिन्ही वेळा फेटाळला. त्याअर्थी वाघ दुसऱ्या गावचा."

गाव बाहेर आलं. आठ दिवस वाघाची गोष्ट मागे पडून कठड्याचीच बोलणी चालली. आणि बाबूजींच्या डोक्यात त्यांचा प्रकल्प रुजला. रुजला तो नुसता रुजला नाही, रानवेलीसारखा घराच्या मयालीवर, पार आढ्यापर्यंत चढला.

शालीकरामच्या टपरीपुढे त्यांनी एक मोठा काळा फळा उभा केला. मधोमध चुन्याची रेघ. डावीकडे 'मोबाईलवरील कथन', उजवीकडे 'प्रत्यक्ष पाहणीचा अभिप्राय'. मोजणीच्या कागदाला पुरावा जोडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. म्हणून उजव्या बाजूच्या वर त्यांनी खिळा ठोकला आणि त्यावर त्या दिवसाचा 'धानकोठार' पडद्यासारखा सोडला. अभिप्राय वाचायचा तर पेपर हातानं उचलायचा.

"सरळ लिहून ठेवा ना जी, मधात पेपर कायले?" शालीकरामनं विचारलं.

"हात लागला की नजर लागते," बाबूजी हळूच म्हणाले. "नजर लागली की माणूस विकत घेते. ही युक्ती कोणाले सांगू नको."

शालीकरामनं ती संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगितली.

फळ्याला पहिली नजर लागली ती ग्रामसेवकाची. सार्वजनिक जागेत फळा लावायला ना हरकत प्रमाणपत्र लागतं. बाबूजी म्हणाले, जागा सार्वजनिक नाही, शालीकरामच्या मालकीची आहे. ग्रामसेवकानं कपाट उघडून पिवळा पडलेला मोजणी नकाशा काढला. टपरीपासून दीड हातावर सरकारी हद्द सुरू होत होती आणि फळा त्या दीड हाताच्या पलीकडे होता. नकाशाखाली सही होती कुं. भि. पटले, सन एकोणीसशे नव्याण्णव.

"मोजणी चुकली असंल तं सांगा बाबूजी," ग्रामसेवक गोड आवाजात म्हणाला.

स्वतःची मोजणी चुकली म्हणणं म्हणजे तीस वर्षांवर पाणी. बाबूजींनी फळा मुकाट्यानं दीड हात सरकवला. तो टपरीच्या इतका अंगाशी आला की उजवी बाजू वाचायला माणसाला थेट शालीकरामच्या बाकावर येऊन बसावं लागे. बसला की चहा, चहासोबत पेपर. पंधरा दिवसांत सतराचे एकवीस झाले. समोरून भुवनेश्वर दुकानातल्या खुर्चीत बसून हसत पाहत राही. बाबूजींची खात्री होती की तो काहीतरी शिजवतोय. माणूस नुसता बसून हसतो कायले?

मग दिवाळी आली, आणि दिवाळीमागून मंडईचे दिवस.

झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, दंडारीचे नाच, सांजेला नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरे सोयऱ्यांकडे, आणि चालता चालता कोणाची सोयरीकही जुळून जाते. प्रत्येक गावाचा वार बापजाद्यांनी बांधून दिलेला. चिंचटोल्याची मंडई भाऊबीजेनंतरच्या शुक्रवारी. पाहुण्याला निमंत्रण लागत नाही; वार हेच निमंत्रण.

त्या आठवड्यात सोमवारी ग्रुपवर कोणीतरी टाकलं, 'यंदा चिंचटोल्याची मंडई रविवारी.' मूळ निरोप कोणाचा, कोणाला ठाऊक नाही. बाबूजी पाहणीला निघाले. पोलीस पाटलाला भेटले, पाळणेवाल्याला भेटले, वडशाच्या नाटक कंपनीला शालीकरामच्या फोनवरून विचारलं. सगळे म्हणाले, शुक्रवार. मंगळवारी सकाळी त्यांनी ठळक, सुवाच्य अक्षरांत डावीकडे लिहिलं, 'चिंचटोल्याची मंडई रविवारी.' उजवीकडे लिहिलं, 'चौकशीअंती सदर कथन निराधार आढळले. मंडई शुक्रवारीच.' आणि त्यावर पुरावा म्हणून पेपर सोडला.

बुधवारी त्यांनी पेपर उघडला. पाचव्या पानावर, 'मंडई विशेष'मध्ये, चौकटीत छापलं होतं:

'चिंचटोल्याची मंडई रविवारी.'

बाबूजींनी चष्मा पुसला. मग पेपर पुसला. बातमी तीच राहिली.

छापलेलं फिरत नाही. आता काय फिरायचं राहिलं? त्यांना स्वतःचाच संशय आला. पोलीस पाटील काय बोलला होता? शुक्रवार म्हणाला, की आपल्याला शुक्रवार ऐकायचा होता म्हणून ऐकू आला? ते पाटलाकडे गेले आणि दारातूनच म्हणाले, "काल मी तुमाले काय विचारलं होतं?"

"मंडई कवा म्हून."

"अन् तुम्ही काय सांगतलं?"

"शुक्रवार."

"नक्की सांगतलं?"

पाटलानं आत वळून बायकोला हाक दिली, "अवं, बाबूजीले पाणी दे. उन्हात फिरून राहिले."

पाणी पिऊन बाबूजींनी गोरेगावची एस.टी. धरली. 'धानकोठार'चा वार्ताहर प्रफुल, त्याचं तिथं झेरॉक्सचं दुकान होतं. पूर्वी तो मोटरसायकलवर गावोगाव फिरायचा; आता मोटरसायकल दुकानासमोर उभी आणि तिच्या सीटवर कोंबडी बसलेली.

"मंडईची बातमी कुठून आणली?" बाबूजींनी विचारलं.

"ग्रुपवरून, बाबूजी. बिल्कुल पक्की."

"ग्रुपवर कोणी टाकली?"

"तुमच्या गावच्या भुवनेश्वरनं. फोटोसकट."

"फोटो कायचा?"

"फळ्याचा. म्हणून तं छापली ना! मोबाईलवरचं मी असं कधीच छापत नाय. पण फळा तुमचा, अक्षर तुमचं. उसके ऊपर क्या प्रूफ चाहिए?"

त्यानं मोबाईल पुढे केला. फोटोत डावी बाजू लख्ख दिसत होती. उजवीकडे मंगळवारचा 'धानकोठार' लोंबत होता, अब्रूवर घातलेल्या पांघरुणासारखा.

पेपरला विचारलं तर तो ग्रुपकडे बोट दाखवी, ग्रुपला विचारलं तर तो फळ्याकडे, आणि फळ्याला विचारावं तर त्याच्यामागे खडू घेऊन उभे कुंजीलाल भिवाजी पटले. साऱ्या शिवाराची चौकशी करून फौजदार स्वतःच्याच घराची कडी वाजवतो, तसं त्यांचं झालं.

"दुरुस्ती छापा," ते कसेबसे म्हणाले.

"छापू ना. शनिवारी."

"शनिवारी? मंडई शुक्रवारी आहे!"

"मंडईचं पान बुधवारी अन् शनिवारीच निघते. ज्या पानावर चूक, त्याच पानावर दुरुस्ती. नियम हाय."

नियम म्हटल्यावर बाबूजींची मान आपोआप हलली. सरकारी माणसाच्या मानेला ती सवयच असते. त्यांनी लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि परतले.

गावात तोवर सभा बसली होती. वडशाच्या नाटक कंपनीनं पेपर वाचून शुक्रवार दुसऱ्या गावाला देऊन टाकला होता. पाळणेवाल्यानंही. पाच तालुक्यांतल्या सोयऱ्यांनी बातमी वाचली होती.

"आता मंडई रविवारीच कराव लागंल," पोलीस पाटील म्हणाला. "पाहुणे रविवारी येतीन अन् गाव शुक्रवारी जेवंल, हे बरं दिसते का?"

"बापजाद्यांचा वार मोडायचा?" बाबूजी उठून उभे राहिले.

"मोडला कोणी जी?" मागून नंदाबाई बोलली. ती त्यांची शेजारीण; तिचा आवाज भिंतीतून जायचा, सभेत तर काय. "फळ्यावर कोणी लिहिलं?"

भुवनेश्वर तिथंच होता. बाबूजी त्याच्याकडे वळले. "तू मुद्दाम अर्धा फोटो काढला. तुझा कट होता."

"कट कायचा बाबूजी? मी आपला खुर्चीतूनच काढला. पेपर उचलाले रस्ता ओलांडून कोण येते?"

बाबूजींना सगळ्यांत जास्त हेच लागलं. कट असता तर मनाला आधार मिळाला असता. इथं नुसता आळस निघाला.

सभेनं दोन ठराव केले. मंडई रविवारी. आणि जे कोणी जुन्या वाराप्रमाणे शुक्रवारी येतील, त्यांचं जेवण बाबूजींकडे. "फळा बाबूजीचा, पाहुणे बाबूजीचे," नंदाबाई म्हणाली, आणि ही म्हण गावाला इतकी आवडली की ती ठरावातच लिहिली गेली.

मंडई रविवारी, म्हणजे आता दुरुस्ती छापून आली तर तीच चूक. गुरुवारी बाबूजी पुन्हा गोरेगावला गेले आणि दुरुस्ती रद्द करण्याचा अर्ज दिला. प्रफुलनं कपाळाला हात लावला. "पान काल सांजेलाच गोंदियाले गेलं. आता दुरुस्तीची दुरुस्ती पुढच्या बुधवारी."

शुक्रवारी सकाळी पहिल्या एस.टी.तून त्यांची मोठी बहीण रुख्मा उतरली. थेट चिचगडहून, तीन पिशव्या आणि एक कोंबडा घेऊन. तिच्याकडे मोबाईल नव्हता आणि पेपरात ती फक्त भजी बांधायची.

"कुंज्या, मंडई कुठं गेली रे?"

"बाई, मंडई रविवारी आहे. तुले कोणी सांगतलं आज म्हणून?"

"सांगाले कायले पायजे? भाऊबीज झाली, शुक्रवार आला, पाय चालाले लागले." तिनं पिशव्या ओसरीवर ठेवल्या. "तुले कोणी सांगतलं रविवार म्हून?"

बाबूजींनी कोंबडा उचलून परसात नेला.

तिच्यामागून बाकीचे आले. ज्यांच्याकडे मोबाईल पोचला नव्हता आणि पेपरही, ते सगळे आले. म्हणजे म्हातारी, बहिरी, जंगलापलीकडची, आणि त्यांच्या कडेवरची नातवंडं. गाव प्रत्येकाला बोटानं बाबूजींचं घर दाखवत होतं. दुपारपर्यंत सत्तावीस पानं उठली. जमुनाबाई, रिंकी आणि नंदाबाई तिघी चुलीला बांधल्या गेल्या. नंदाबाई बोलायला पुढे होती, तशी रांधायलाही पुढे आली, हे लिहिलं पाहिजे. रुख्मा वडे थापत होती आणि थापता थापता गात होती:

"भाऊ माझा मोजणीदार, मोजे शिवार साखळीनं
मंडई दाराशी आली, नाही वळखली बावळ्यानं."

जेवणारी म्हातारी मंडळी घास थांबवून माना डोलवत होती. बाबूजी वाढायला वाकलेले होते. ते वाकलेलेच राहिले.

शनिवारी दुरुस्ती आली. चौकटीत, ठळक: 'चिंचटोल्याची मंडई रविवारी नसून शुक्रवारीच. वाचकांनी नोंद घ्यावी.' वाचकांनी घेतली. पाच तालुक्यांतल्या सोयऱ्यांनी कपाळ बडवून घेतलं, की कालच झाली म्हणे, चुकली आपली. रविवारी पाळणे फिरले ते निम्मे रिकामे. जिलेबीवाल्याच्या थाळीवर माश्याच पाहुण्या आल्या. नाटकातल्या राजानं प्रजेला हाक दिली तेव्हा समोर गावचीच प्रजा होती, आणि तीही कुजबुजत बाबूजींकडे पाहत होती.

पण बाबूजींचं काळीज फुटलं ते शनिवारीच, टपरीवर. एकेक गिऱ्हाईक येऊन पेपर बंद करत होतं.

"मोबाईल बी खोटा, पेपर बी खोटा," एक जण म्हणाला. "मग फुकटचा खोटा काय वाईट?"

शालीकरामनं बोटांवर मोजलं. "पंधरा राहिले बाबूजी. तुमचा धरून."

बाबूजींनी फळ्याकडे पाहिलं, खिळ्यावरच्या पेपरकडे पाहिलं. त्यांच्याच अक्षरानं त्यांना फसवलं होतं आणि त्यांच्याच पेपरनं ते छापून, शिक्का मारून परत केलं होतं. दुखावलेला माणूस काय करतो? आपलंच ताट ढकलतो.

"माझाही बंद," ते म्हणाले आणि घरी गेले.

"चौदा झाले!" शालीकराम मागून ओरडला. "सोमवारपासून जीप थांबणार नाय जी!"

त्यांनी वळून पाहिलं नाही.

रविवारची सकाळ पेपराविना उजाडली. बाबूजी ओसरीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग ते स्वयंपाकघरात शिरले. डाळीत मीठ किती चमचे घातलं ते विचारलं, आणि दोन म्हटल्यावर चमचा मागवून त्याचा आकार पाहिला. सरपणाच्या काटक्या मोजल्या. रुख्माच्या पिशव्या तीनच होत्या का, याची रिंकीकडे उलटतपासणी केली. कोंबड्याचं वय विचारलं. दुपारपर्यंत घरातल्या तिन्ही बायका अंगणात येऊन बसल्या होत्या आणि घरात बाबूजी एकटे पाहणी करत होते. जमुनाबाई तेवढ्यात डोक्यावर पदर घेऊन कुठंशी जाऊन आल्या.

सोमवारी पहाटे बाबूजींना जाग आली. थांब्यावर जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ते नुसते फिरायला निघाले. वाट थांब्याकडे गेली, त्यात त्यांचा दोष नव्हता. धुक्यात शालीकराम रस्त्याच्या कडेला उभा होता. फळा दवानं ओला झाला होता आणि त्याच्या अंगावरची खडूची अक्षरं ओघळून खाली आली होती, डावी-उजवी एकमेकांत मिसळून.

दुरून जीपचा आवाज आला. आता ती जाईल. तशीच जाईल, गोरेगावच्या दिशेनं, आणि चिंचटोल्यात आज कोणताच वार उरणार नाही.

जीप मंदावली. धप्प करून गठ्ठा पडला.

"चौदावर कशी थांबली?" बाबूजींनी विचारलं.

"पंधरा हायेत ना." शालीकराम सुतळी तोडत म्हणाला. "काल दुपारच्याले एक नवं नाव लागलं." त्यानं वरचा अंक काढून त्यांच्या हातात दिला. "घरीच पोचवायचा हाय. तुमी चालले तं नेऊन द्या."

कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'जमुनाबाई पटले.'

बाबूजी अंक छातीशी धरून घरी आले. जमुनाबाई चुलीशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझा पेपर," बाबूजी म्हणाले. "तुले कायले पायजे होता?"

"मले नाय पायजे. माझ्या डाळीले पायजे. काल पंचनामा झाला तिचा." त्यांनी फुंकणीनं जाळ केला. "बसा तिकडं ओसरीत, वाचा. खरा असो का खोटा असो, दुपारपर्यंत घरात येऊ नोका."

बाबूजी ओसरीत बसले. परवानगीनं मिळालेला पेपर त्यांनी हळूच उघडला, कोणाची तरी उसनी वस्तू उघडावी तसा. माथ्यावर छापलं होतं 'सोमवार'. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. ती थोडा वेळ तशीच हवेत धरली.

"जमुना," त्यांनी आत हाक दिली, "आज वार कोणता?"

"सोमवार. पेपरात लिहिलं नाय का?"

"लिहिलं आहे."

ते उठून भिंतीवरून पलीकडे वाकले. "नंदाबाई, आज वार कोणता वो?"

"सोमवार, बाप्पा!"

परसातून रुख्माचाही आवाज आला, न विचारता. "सोमवारच हाय, कुंज्या!"

तेव्हा कुठं बाबूजींनी सोमवारावर बरोबरची खूण केली, आणि पुढची ओळ वाचायला घेतली.